घोरणारं मूल, पेंगणारं मूल : झोपेची तपासणी नेमकी कशी होते?



वर्गात पेंगणारं मूल प्रत्येक शाळेत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मान खाली जाते, वहीतली अक्षरं ओळ सोडून तिरकी होत जातात, शेजारचा मुलगा कोपर मारून उठवतो. यातल्या बऱ्याच मुलांनी रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहिलेला असतो. कोणाच्या घरी जागरण-गोंधळ असतो, गावात जत्रा असते. कोणी पहाटेच उठून आईबरोबर पाणी भरायला नाहीतर गोठ्यात गेलेलं असतं. अशा वेळी कारण तरी आपल्याला कळतं.

पण काही मुलांच्या बाबतीत आई अगदी शपथेवर सांगते, "मॅडम, नऊला झोपतो, साडेसहाला उठवते. तरी उठता उठत नाही." साडेनऊ तास झोप झाली तरी मूल वर्गात डुलक्या घेतं, नाहीतर त्याच्या उलट, एका जागी दोन मिनिटं बसत नाही. हा लेख अशा मुलांविषयी आहे. झोपेच्या आजारांसाठी वेगळी तपासणी असते, त्यासाठी स्लीप क्लिनिक असतात, हेच अनेकांना माहीत नसतं. माहीत असलं तरी "डोक्याला तारा लावतात" एवढंच ऐकलेलं असतं आणि भीती वाटते. म्हणून तिथे काय काय होतं ते जरा सविस्तर लिहिते.

आधी तास मोजा

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये मुलांच्या झोपेचे तास सांगितले. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तोही मुलांची झोप पूर्ण होत नाही याच कारणाने.

दवाखान्यात जाण्याआधी दोन आठवडे एका साध्या वहीत लिहून ठेवा. किती वाजता अंथरुणावर गेला, झोप लागायला साधारण किती वेळ लागला, रात्री किती वेळा उठला, सकाळी किती वाजता उठला, सुट्टीच्या दिवशी किती वाजता उठला. शेवटची नोंद महत्त्वाची. रविवारी मूल दोन-तीन तास जास्त झोपत असेल तर आठवडाभराची उधारी तो एका दिवसात फेडतोय. तिथे आजार शोधण्याआधी झोपेची वेळ बदलून बघायला हवी. तास पुरेसे आहेत आणि तरीही मूल थकलेलं आहे, असं वहीत दिसलं तर मात्र पुढे जायचं.

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आपल्याकडे घोरण्याकडे कौतुकाने बघतात. "बाबा बघ कसे डाराडूर झोपलेत!" मूल घोरलं तर "अगदी आजोबांवर गेलाय" म्हणून हसतात. सर्दीत चार दिवस घोरणं ठीक आहे. पण आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल, आणि तेही सर्दी नसताना, तर डॉक्टरांना सांगायची ती गोष्ट आहे.

घशाची नळी रबरी पाईपसारखी कडक नसते, ती मऊ स्नायूंची असते. जागेपणी स्नायू तिला ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. कागदी स्ट्रॉ ओला झाल्यावर जोरात ओढलं की तो मध्येच चपटा होतो ना, तसंच काहीसं होतं. नळी मुळात रुंद असेल तर फरक पडत नाही. पण तीन ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये टॉन्सिल आणि नाकामागची अॅडिनॉइड ग्रंथी घशाच्या मानाने मोठ्या असतात. गावात लोक "नाकातलं मांस वाढलंय" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. अरुंद नळीतून हवा जाताना आवाज होतो, ते घोरणं. नळी पूर्ण मिटली की आवाज बंद होतो, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू मुलाला क्षणभर जागं करतो, मोठा श्वास येतो, मूल कूस बदलतं आणि पुन्हा झोपतं. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. याला अडथळ्याचा स्लीप अॅप्निया म्हणतात. रात्रभर हे चालू राहिलं तर झोपेचे तास भरतात, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते.

अशा मुलांमध्ये काय दिसतं? तोंड उघडं ठेवून झोपणं, मान मागे ताणून किंवा बसल्यासारखं झोपणं, झोपेत खूप घाम येणं, कोरडं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागणं, सकाळी डोकं दुखणं. आणि आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी, खास गोष्ट अशी की मोठं माणूस थकलं तर पेंगतं, लहान मूल पुष्कळदा उलट वागतं. चिडचिड करतं, वर्गभर फिरतं, मारामारी करतं. अशा मुलावर "मस्तीखोर" हा शिक्का सहज बसतो आणि रात्री तो कसा झोपतो हे कोणी विचारतच नाही.

क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशी

स्लीप क्लिनिक म्हणजे वेगळी इमारत असेलच असं नाही. बहुतेक वेळा मोठ्या रुग्णालयात छातीरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ हे काम बघतात आणि एक-दोन खोल्या झोपेच्या तपासणीसाठी राखलेल्या असतात. मुलांच्या बाबतीत पहिला दरवाजा बालरोगतज्ज्ञांचा किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी थेट पुण्या-मुंबईला पळायची गरज नसते.

डॉक्टर आधी भरपूर प्रश्न विचारतात. घसा बघतात, नाक बघतात, वजन-उंची घेतात. मोठ्या माणसाच्या गळ्याचा घेरही मोजतात. मोठ्यांसाठी एक प्रश्नावली असते, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एपवर्थ स्केल. बसून वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत तासभर प्रवास करताना, दुपारी जेवणानंतर शांत बसल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० पेक्षा जास्त आले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असं समजतात. परीक्षेत जास्त गुण मिळूनही आनंद होऊ नये अशी ही एकच प्रश्नपत्रिका असावी!

वहीतल्या नोंदी इथे दाखवायच्या. त्याहूनही उपयोगी पडतो तो मोबाईलवरचा व्हिडिओ. मूल झोपल्यावर तासा-दोन तासांनी, आणि पुन्हा पहाटेच्या सुमाराला, एक-दोन मिनिटांचं चित्रण करा. चेहरा आणि छाती दोन्ही दिसायला हवीत, अंगावरचं पांघरूण जरा खाली घ्या, आवाज चालू ठेवा. माझ्या वर्गातल्या तिसरीच्या एका मुलाच्या वडिलांनी असा व्हिडिओ काढला होता. त्यात छाती आत ओढली जातेय आणि आवाज मात्र काहीच नाही, असे काही क्षण होते. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि मग पुढची तपासणी लिहून दिली.

तारांची ती रात्र

या तपासणीचं नाव पॉलिसोम्नोग्राफी. सोप्या भाषेत स्लीप स्टडी. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला रुग्णालयात जायचं, रात्री तिथे झोपायचं, सकाळी घरी यायचं. सुई नाही, भूल नाही. लहान मुलाबरोबर आई किंवा वडील त्याच खोलीत झोपतात.

तयारीच्या काही गोष्टी. आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका. आपल्याकडे "दवाखान्यात चाललोय, जरा नीट चोपून भांग पाडू" म्हणून हमखास तेल लावलं जातं, आणि तेलकट डोक्यावर तारांची टोकं चिकटत नाहीत. नखाला नेलपॉलिश असेल तर काढा, कारण बोटाला लावायचा चिमटा नखातून प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजतो. दुपारनंतर चहा-कॉफी नको. त्या दिवशी दुपारची झोप नको. मुलाची रोजची गोधडी किंवा उशी बरोबर घेतली तर उत्तम.

मग तंत्रज्ञ एकेक तार लावतात. याला अर्धा-पाऊण तास लागतो. डोक्यावरच्या तारा मेंदूतल्या लहरी टिपतात. डोळ्यांच्या बाजूला दोन, बुबुळांची हालचाल कळण्यासाठी. हनुवटीवर आणि पायांच्या पोटऱ्यांवर स्नायूंसाठी. छातीवर हृदयाच्या ठोक्यांसाठी. नाकाखाली एक बारीक नळी, ती श्वासाची हवा मोजते. छातीभोवती आणि पोटाभोवती दोन पट्टे, श्वास घ्यायचा प्रयत्न चाललाय का हे बघायला. बोटाला चिमटा. शिवाय खोलीत कॅमेरा आणि माईक. मुलांचा पहिला प्रश्न असतो, "करंट बसेल का?" नाही. या तारा शरीरात काहीही सोडत नाहीत, शरीरातले अतिशय क्षीण विद्युतसंकेत फक्त वाचतात. मुलाला आधीच सांगून ठेवा, हवं तर बाहुलीला दोरे चिकटवून खेळून दाखवा. लघवीला उठायचं झालं तर एकच जोडणी काढून सगळ्या तारांसकट उठता येतं.

एवढ्या तारा लावल्यावर झोप लागेल कशी, हा मोठ्यांचा प्रश्न. घरच्यासारखी लागत नाही हे खरं. पण निदानाला पुरेल एवढी बहुतेकांना लागते.

शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ रात्रभर पडद्यावर लक्ष ठेवून असतात. नाकातली हवा थांबली पण छाती-पोटाचे पट्टे हलताहेत, म्हणजे मेंदू हुकूम देतोय आणि वाटेत अडथळा आहे. हवा थांबली आणि पट्टेही थांबले, म्हणजे मेंदूकडूनच हुकूम गेला नाही. हा अगदी वेगळा आजार, त्याचे उपाय वेगळे. हा फरक घोरण्याच्या आवाजावरून कळत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

सकाळी तारा निघतात. पुढचं काम किचकट आहे. सगळं रेकॉर्डिंग ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचलं जातं. मिनिटाला २ तुकडे, तासाला १२०, आठ तासांचे ९६०. प्रत्येक तुकडा बघून तो जागेपणाचा, हलक्या झोपेचा, गाढ झोपेचा की स्वप्नांच्या झोपेचा हे ठरवतात. डोळे भराभर हलणारी ही स्वप्नांची झोप शिकागो विद्यापीठात यूजीन अॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये जगापुढे मांडली. अॅसेरिन्स्कींनी सुरुवातीच्या प्रयोगांत आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून झोपवलं होतं. म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलाएवढाच होता तो!

रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये पानभर आकडे असतात. पालकांनी एक आकडा समजून घेतला तरी पुष्कळ. त्याला एएचआय म्हणतात. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा बराच मंदावला, त्याची ही सरासरी. मूल सात तास झोपलं आणि असे ८४ प्रसंग झाले, तर ८४ भागिले ७ म्हणजे १२.

आता हा १२ कमी की जास्त? मोठ्या माणसात ५ पर्यंत चालतं, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. म्हणजे वडिलांचा १२ हा सौम्य. पण लहान मुलांची पट्टी वेगळी आहे. तिथे तासाला १ च्या वर गेलं तरी दखल घेतात आणि १० च्या वर तीव्र धरतात. तोच १२ मुलाच्या रिपोर्टमध्ये तीव्र. म्हणून इंटरनेटवरचा मोठ्यांचा तक्ता बघून "काही नाही, सौम्यच आहे" असं स्वतःच ठरवू नका. मुलांची तपासणी करण्याचा अनुभव असलेल्या ठिकाणीच शक्यतो करा. घरी नेऊन लावायचं छोटं यंत्रही मिळतं, पण ते मुख्यतः मोठ्यांसाठी. लहान मुलांसाठी रुग्णालयातली तपासणीच भरवशाची मानतात.

उपचार

मुलांमध्ये टॉन्सिल आणि अॅडिनॉइड मोठे असतील तर ते काढण्याची शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार. ऑपरेशन म्हटलं की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते वय वाढलं की आपोआप बसेल, वडील म्हणतात करून टाकू. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांचं लवकर ऑपरेशन केलं, अर्ध्यांना लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल आली. थांबलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांचीही आली. लक्ष आणि नियोजनाच्या चाचण्यांमध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र वागणूक, झोपेचा त्रास, एकूण रोजचं जगणं, यात ऑपरेशन झालेली मुलं स्पष्टपणे पुढे होती.

मला यातून पालकांना सांगावंसं वाटतं ते असं : सौम्य त्रासात डॉक्टर "नाकाचा स्प्रे वापरून काही महिने थांबू" म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत. आणि तीव्र त्रासात "करून घ्या" म्हणाले तर ते घाबरवत नाहीत. आणि ऑपरेशननंतर मुलगा पहिला नंबर काढेल ही अपेक्षा ठेवू नका. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचे गुण लगेच काही वाढले नाहीत. पण पूर्वी शालेय पोषण आहाराची खिचडी तो सगळ्यांच्या शेवटी संपवायचा, कारण मोठ्या टॉन्सिलमुळे घास नीट गिळताच येत नव्हता. ऑपरेशननंतर महिन्या-दीड महिन्यात तो इतरांबरोबर ताट धुवायला उठू लागला. दुपारच्या तासाला डोळे उघडे असायचे. मूल स्थूल असेल तर ऑपरेशननंतरही त्रास उरू शकतो, म्हणून त्यांची पुन्हा तपासणी करतात.

मोठ्यांमध्ये मुख्य उपचार सीपॅप यंत्राचा. नाकावर मास्क लावून हवेचा हलका, सतत दाब दिला जातो, त्यामुळे नळी मिटत नाही. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हे १९८० मध्ये पहिल्यांदा वापरलं आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करणं. यंत्र आजार मुळापासून बरा करत नाही, चष्म्यासारखं आहे, लावलं तर उपयोग. पहिले पंधरा दिवस नको नको होतं. नाक कोरडं पडतं, मास्कच्या कडेने हवा निसटते. तेव्हा कपाटात टाकून न देता क्लिनिकमध्ये परत जायचं, मास्कचा आकार आणि दाब बदलून मिळतो. रात्री वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरचा विचार आधीच करावा. वजन कमी करणं, रात्रीची दारू बंद करणं, याने घोरणं पुष्कळ कमी होतं. आणि घरात कोणी एसटी, ट्रक किंवा शाळेची व्हॅन चालवत असेल आणि घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर मुलाच्या आधी त्यांना न्या.

सगळंच घोरण्यामुळे नसतं

काही मुलं रात्री पाय हलवत राहतात, "पायात मुंग्या फिरतात" म्हणतात. हे कधी कधी शरीरात लोह कमी असल्याने होतं. डॉक्टर रक्तातलं फेरिटिन तपासतात. शाळेत आठवड्याला देतो ती गोळी, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, तीही लोहाचीच. पण अशा मुलाला जास्तीचं लोह डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

झोपेत चालणं किंवा रात्री एकदम किंचाळून उठणं हे गाढ झोपेतून अर्धवट जागं झाल्यामुळे होतं, बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात. बाहेरची बाधा नाही, अंगारा-उताऱ्याची गरज नाही. दाराला वरची कडी लावा, हलवून जागं करू नका, हळूच अंथरुणावर न्या. बहुतेक मुलांचं वयाबरोबर थांबतं. एकाच रात्री अनेकदा होत असेल, अंगाला झटके येत असतील, तर फिट्सची शक्यता तपासावी लागते.

आणि एक विरळा आजार, नार्कोलेप्सी. यात दिवसा आवरता न येणारी झोप येते, काहींचे मोठ्याने हसताना गुडघे लुळे पडतात. यासाठी स्लीप स्टडीच्या दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच वेळा झोपायला सांगतात आणि किती मिनिटांत झोप लागते ते मोजतात. वरच्या वर्गांच्या शिक्षकांनी हे नाव लक्षात ठेवावं, कारण तो पुष्कळदा किशोरवयात सुरू होतो आणि त्या वयात झोपणाऱ्या मुलाला आळशीच म्हटलं जातं.

शिक्षकांनी काय करावं

आजाराचं नाव आपण सांगायचं नाही, जे दिसलं ते सांगायचं. पालकसभेत सगळ्यांसमोर तर मुळीच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा त्या मुलाचं नाव आधीच काढून ठेवा आणि घसा आवर्जून बघायला सांगा. तिथून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली तर पालकांचा खर्च वाचतो.

पालक डॉक्टरांकडे जाताना त्यांच्याजवळ आपली एक चिठ्ठी द्यावी. मी साधारण असं लिहिते : "इयत्ता तिसरी, वय आठ. गेले दोन आठवडे निरीक्षण केले. दहापैकी सात दिवस दुपारच्या सत्रात झोपला. तोंड उघडे ठेवून श्वास घेतो. जेवायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो. सकाळच्या सत्रात वाचन चांगले, दुपारी शब्द गाळतो. आईच्या सांगण्यानुसार रोज घोरतो. रात्रीचा व्हिडिओ वडिलांच्या मोबाईलमध्ये आहे, कृपया पाहावा."